भंगार विकलं, पण नोटा नाही मिळाल्या! ब्रिटनचा भंगाराचा कॅशबंदी कायदा समजून घेऊया

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाची लेस्टरहून एक व्हॉइस नोट आली. तो तिथे पाच वर्षांपासून नोकरी करतो. फ्रेम तुटलेली सायकल, दोन जुन्या कढया आणि एक बंद पडलेला हीटर घेऊन तो तिथल्या भंगाराच्या यार्डात गेला होता. काट्यावर वजन झालं, भाव ठरला आणि मग काउंटरवरच्या माणसाने लायसन्स मागितलं. ते स्कॅन केलं, गाडीचा नंबर लिहून घेतला आणि बँकेचा खातेनंबर विचारला. भाऊ म्हणाला, "अरे, एवढ्याशा पैशांसाठी कशाला खातं, सरळ कॅश दे ना." त्यावर तो माणूस हसला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे कॅश मिळत नाही. पाच पौंडाचं भंगार असो की पाच हजारांचं.

आपल्याकडे दारावर भंगारवाला येतो, वजन करतो, खिशातून चुरगळलेल्या नोटा काढतो आणि व्यवहार संपतो. हल्ली तो क्यूआर स्कॅन करून जीपेही करतो. पण कॅश दिली म्हणून त्याला कोर्टात उभं राहावं लागेल, असं आपल्या डोक्यातही येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र नेमकं तेच होऊ शकतं.

भावाच्या व्हॉइस नोटमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि खरं तर त्यामुळेच मी हा लेख लिहायला घेतला. त्याच्या घरात नवीन राहायला आलेला एक मुलगा त्याला म्हणाला, "माझ्याकडे तांब्याच्या पायपांचे तुकडे आहेत, पण इथलं बँक खातं नाही. तुझ्या लायसन्सवर विकूया, पैसे तुझ्या खात्यात घे आणि मला कॅश दे." हे करावं का? उत्तर खाली येईलच. त्याआधी कायदा समजून घेऊ, कारण तो कळल्याशिवाय उत्तर नीट कळणार नाही.

कॅशवर राग का?

धातूची एक गंमत आहे. तुमचा फोन चोरीला गेला तर त्याला आयएमईआय नंबर असतो. गाडीला चेसिस नंबर असतो. तांब्याच्या तारेला काहीच नसतं. वरचं प्लास्टिक जाळलं, तार भट्टीत टाकली की ती कुठून आली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नोटेचंही तसंच. म्हणजे बिननावाचा माल द्यायचा आणि बिननावाचे पैसे घ्यायचे. चोराला याहून सोपं दुकान कुठलं?

२००२ च्या आसपास तांब्याचा जागतिक भाव टनाला साधारण दीड हजार डॉलर होता. फेब्रुवारी २०११ मध्ये तो दहा हजार डॉलरच्या वर गेला. भाव असा चढला की चोरांची नजर कुठे जाईल याचा नेम राहत नाही. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या सिग्नलच्या केबल कापल्या जाऊ लागल्या. एक केबल तुटली की सिग्नल सुरक्षिततेसाठी लाल होतो, गाड्या जागच्या जागी थांबतात आणि हजारो लोक ऑफिसला उशिरा पोहोचतात. चोराला त्यातून मिळणार किती, तर काही पौंड. चर्चच्या छतावरचं शिसं गेलं, रस्त्यावरची गटाराची झाकणं गेली, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मारकांवरच्या ब्राँझच्या पाट्याही गेल्या. या शेवटच्या प्रकाराने लोक सगळ्यात जास्त चिडले.

शिल्पंही सुटली नाहीत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं दोन टनांहून जड ब्राँझचं शिल्प डिसेंबर २००५ मध्ये हर्टफर्डशायरमधून चोरीला गेलं. त्याची किंमत तीस लाख पौंड सांगितली जात होती. पोलिसांचा निष्कर्ष असा की ते कापून भंगारात गेलं, आणि भंगार म्हणून त्याचे दीड हजार पौंडही जेमतेम आले असतील. डिसेंबर २०११ मध्ये लंडनच्या डलिच पार्कमधून बार्बरा हेपवर्थचं मोठं ब्राँझ शिल्प असंच रातोरात गायब झालं.

प्रत्येक तारेपाशी पोलीस उभा करता येत नाही. पण चोर शेवटी एका जागी येणारच, ती म्हणजे भंगाराचं दुकान. म्हणून सरकारने चोराच्या मागे धावण्याऐवजी काउंटरवरचा गल्लाच बंद केला. मला या कायद्यातली ही युक्ती सगळ्यात आवडते.

दोन टप्प्यांत आलेली बंदी

ब्रिटनमध्ये भंगारवाल्यांसाठी १९६४ चा एक जुना कायदा होता. त्यात नोंदणी होती, वही ठेवायची होती, पण पैसे कसे द्यायचे यावर बंधन नव्हतं. ३ डिसेंबर २०१२ पासून त्यातच एक कलम घुसवून कॅशवर बंदी आणली गेली. पण त्यात एक पळवाट होती. घरोघरी फिरून भंगार गोळा करणाऱ्या काही फेरीवाल्यांना सूट होती. मग काय, सूट जिथे, चोरवाट तिथे.

म्हणून संपूर्ण नवा कायदा आला, स्क्रॅप मेटल डीलर्स ॲक्ट २०१३. रिचर्ड ओटावे या खासदाराने तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता. २८ फेब्रुवारी २०१३ ला त्यावर राजमान्यतेची मोहोर उमटली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो लागू व्हायला सुरुवात झाली. फेरीवाल्यांची सूट गेली. आता धंदा करायचा तर स्थानिक कौन्सिलचं लायसन्स हवंच. ते दोन प्रकारचं: यार्ड चालवणाऱ्यासाठी जागेचं आणि फिरून गोळा करणाऱ्यासाठी कलेक्टरचं. (हा कलेक्टर म्हणजे आपले जिल्हाधिकारी नव्हेत!) लायसन्स तीन वर्षं चालतं. फिरत्या माणसाने त्याची प्रत गाडीत अशी लावायची की बाहेरून वाचता येईल. आणि ते फक्त त्या एका कौन्सिलच्या हद्दीत चालतं, शेजारच्या हद्दीत भंगार गोळा करायचं तर तिथलं वेगळं.

कलम १२: सगळी गोष्ट इथे आहे

हे कलम लहानसंच आहे, पण शब्द फार मोजून मापून वापरलेत. भंगारवाल्याने भंगाराचे पैसे फक्त दोनच मार्गांनी द्यायचे. एक, दुसऱ्याच्या नावावर फिरवता न येणारा चेक. दोन, इलेक्ट्रॉनिक ट्रान्स्फर. बास.

पहिला मार्ग आधी बघू. आपल्याकडे चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहितात ना, तसाच हा प्रकार. असा चेक ज्याच्या नावावर आहे त्याच्याच खात्यात जमा होतो. मागे सही करून दुसऱ्याला देता येत नाही, काउंटरवर वटवून नोटा घेता येत नाहीत. गंमत म्हणजे २०१३ च्या कायद्याने यासाठी १८८२ च्या चेक-हुंडीच्या कायद्यातल्या एका कलमाकडे बोट दाखवलंय. साधा, फिरवता येणारा चेक चालत नाही, कारण तो हातोहात गेला की तोही नोटेसारखाच बिननावाचा होतो.

दुसरा मार्ग आपल्या पिढीच्या सवयीचा. मोबाइल बँकिंग, ऑनलाइन ट्रान्स्फर, कार्डवरून पैसे पाठवणं, सगळं यात येतं. ब्रिटनमध्ये २००८ पासून फास्टर पेमेंट्स नावाची यंत्रणा आहे. आपल्या आयएमपीएससारखीच म्हणा. सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खातेनंबर टाकला की पैसे बहुतेक वेळा काही सेकंदांत पोहोचतात. त्यामुळे "चेक वटायला आठवडा जाईल, त्यापेक्षा कॅश बरी" हे कारण उरलंच नाही. माझं मत विचाराल तर ही बंदी टिकली याचं अर्धं श्रेय या झटपट ट्रान्स्फरला द्यायला हवं. हाच नियम १९८० साली आणला असता तर धंदाच बसला असता.

आता तिसरी गोष्ट, जी वाचून मला आजी आठवली. कायदा म्हणतो की पैशांऐवजी वस्तू किंवा सेवा देणं हेही 'पैसे देणं'च आहे आणि तेही बंद. आपल्याकडे जुनी पितळेची भांडी मोडीत घालून नवीन स्टीलचा डबा आणायची पद्धत घरोघरी होती, अजूनही आहे. तिथल्या भंगारवाल्याने असं केलं तर तो गुन्हा. "शंभर किलो तांबं दे, तुझ्या गाडीचं टायर फुकट बदलतो" हेही गुन्ह्यातच बसतं. कारण उघड आहे. ही वाट मोकळी ठेवली असती तर दुसऱ्या दिवसापासून यार्डात नोटांऐवजी सिगरेटची पाकिटं आणि दारूच्या बाटल्या मोजल्या गेल्या असत्या.

रकमेची खालची मर्यादा? नाही. माझ्या भावाला हेच पटत नव्हतं. पण विचार करा, पन्नास पौंडांपर्यंत कॅश चालेल असं लिहिलं असतं तर पाचशे पौंडांचा माल दहा खेपांत आला असता.

गुन्हेगार कोण? विकणारा नाही!

नियम मोडून कॅश दिली तर तीन जण अडकू शकतात: भंगारवाला स्वतः, व्यवहार यार्डात झाला असेल तर त्या जागेचा मॅनेजर, आणि ज्याने हाताने पैसे दिले तो कामगार. मालक आणि मॅनेजर "आम्ही असं होऊ नये म्हणून सगळी व्यवस्था केली होती, शक्य ती काळजी घेतली होती" असं सिद्ध करून सुटू शकतात. नोटा मोजून देणाऱ्या कामगाराला हा बचाव नाही. सुट्टीत यार्डात पार्ट-टाइम काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. मालकाने सांगितलं म्हणून तुम्ही दिले, तरी नाव तुमचंही लागतं.

शिक्षा दंडाची आहे. कायदा आला तेव्हा कमाल पाच हजार पौंड होती. मार्च २०१५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये या पातळीच्या दंडावरची कमाल मर्यादाच काढून टाकली, म्हणजे कोर्ट परिस्थिती बघून त्याहून जास्तही लावू शकतं.

कलम १२ विकणाऱ्याला हात लावत नाही. पण त्याने खोटं नाव किंवा खोटा पत्ता दिला तर कलम ११ खाली तो स्वतः गुन्हेगार ठरतो आणि त्याला वेगळा दंड आहे.

तुमचा मोबाइल बिल इथे चालत नाही

कलम ११ ओळखीबद्दल आहे. नाव आणि पत्ता पडताळल्याशिवाय भंगार घ्यायचंच नाही, असा नियम. म्हणजे पैसे देण्याआधी नाही, माल ताब्यात घेण्याआधी! कोणती कागदपत्रं चालतात याची यादी सरकारने वेगळ्या नियमांत दिली आहे. फोटो आणि पत्ता असलेलं तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स हा सगळ्यात सोपा मार्ग. ओळखपत्रावर पत्ता नसेल तर जोडीला पत्त्याचा कागद लागतो: बँकेचं किंवा कार्डाचं स्टेटमेंट, कौन्सिल टॅक्सची नोटीस किंवा वीज-पाण्याचं बिल, तेही तीन महिन्यांच्या आतलं. आणि यादीत खास लिहिलंय की मोबाइलचं बिल चालणार नाही. साहजिक आहे, सिम कोणत्याही पत्त्यावर घेता येतं, घरातली वीज नाही.

तिकडे नुकतेच शिकायला गेलेल्या मुलांनी एक करा. भंगार उचलून बसने यार्डापर्यंत जाण्याआधी फोन करून विचारा की तुमच्याकडची कोणती कागदपत्रं चालतील. नाहीतर तुटकी सायकल घेऊन परत यावं लागेल, आणि ते फार केविलवाणं दिसतं.

रजिस्टरमध्ये काय काय जातं?

आता जरा तांत्रिक भाग. प्रत्येक व्यवहारात भंगारवाल्याने हे लिहून ठेवायचं: धातू कोणता, कोणत्या रूपात, किती वजनाचा, त्यावर आधीच्या मालकाची काही खूण आहे का, तारीख आणि वेळ, गाडीतून आणला असेल तर गाडीचा नंबर, देणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि पैसे ज्या कर्मचाऱ्याने दिले त्याचं पूर्ण नाव. ओळखपत्राची प्रत जोडायची. चेक दिला तर चेकची प्रत. ट्रान्स्फर केली तर त्याची पावती, आणि पावती निघत नसेल तर ती ट्रान्स्फर ओळखता येईल असा तपशील. हे सगळं तीन वर्षं जपायचं. पोलीस किंवा कौन्सिलचा अधिकारी येऊन तपासू शकतो.

आपल्या फोनमध्ये यूपीआयचा कोणताही जुना व्यवहार उघडून बघा. खाली बारा आकडी नंबर दिसेल. 'ट्रान्स्फर ओळखता येईल असा तपशील' म्हणजे हेच. त्या एका नंबरावरून बँक सांगू शकते की पैसे कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात, किती वाजून किती मिनिटांनी गेले. आणि खातं उघडताना केवायसी झालेलं असतं. म्हणजे धातूला नंबर नव्हता, तो कायद्याने पैशांच्या मार्गाने त्याला चिकटवला. बारा तारखेला रात्री केबल कापली गेली आणि तेरा तारखेला सकाळी तशीच केबल एका यार्डात आली, तर पोलिसांना आता नाव, चेहरा, गाडी आणि खातं चारही एका पानावर मिळतात.

एक शंका लगेच येते. पैसे खात्यात आल्यावर समोरच्या एटीएममधून काढले तर? काढा की. कायदा तुम्हाला कॅश वापरू नका असं म्हणतच नाही. यार्ड आणि तुम्ही यांच्यामधला धागा नोंदला गेला की त्याचं काम झालं.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर

दुसऱ्याचं तांबं आपल्या लायसन्सवर विकून पैसे आपल्या खात्यात घ्यायचे का? नाही. अजिबात नाही. मी त्याला फोन करून हेच सांगितलं आणि कारणही सांगितलं.

वरचं रजिस्टर आठवा. त्या पायपांपुढे कोणाचं नाव लागेल? माझ्या भावाचं. लायसन्सची प्रत त्याची, गाडीचा नंबर त्याचा, पैसे त्याच्या खात्यात. खरा मालक त्या पानावर कुठेच नाही. पायपा कोणाच्या साइटवरून उचललेल्या निघाल्या तर पोलीस पहिल्यांदा कोणाचं दार वाजवतील? आणि नोंद तीन वर्षं जिवंत आहे, म्हणजे तो मुलगा घर सोडून गेल्यावरही दार वाजू शकतं.

तिथे १९६८ च्या चोरीच्या कायद्याचं कलम २२ आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तशी खात्री वाटत असताना तो विकायला मदत केली तर कमाल शिक्षा चौदा वर्षं तुरुंगवास. "मला माहीतच नव्हतं" हा बचाव आहे, पण तो पोलीस ठाण्यात बसून पटवून द्यावा लागतो. त्यातून व्हिसावर राहणाऱ्याची अवस्था काय होईल, कल्पना करा. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवणाऱ्याला तिथे 'मनी म्यूल' म्हणतात, म्हणजे पैशांचं ओझं वाहणारं खेचर. बँकेला तसा पुरावा मिळाला तर सिफास या फसवणूकविरोधी संस्थेकडे तुमच्या नावापुढे खूण लागू शकते आणि ती सहा वर्षं राहते. तेवढ्या काळात नवीन खातं, कर्ज, कधी कधी मोबाइलचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा अवघड होतं.

त्या मुलाचा माल कदाचित अगदी सरळ असेलही. मग त्याने आधी बँकेत खातं उघडावं आणि स्वतःच्या नावावर विकावं. तांबं काही नासत नाही, महिनाभर थांबेल.

तुटका फोन भंगारात येतो का?

व्याख्या मजेशीर आहे. धातूची किंवा धातू असलेली कोणतीही वस्तू, जी मोडली आहे, झिजली आहे किंवा जिचा उपयोग संपला असं शेवटच्या मालकाला वाटतं, ती भंगार. यातून सोनं आणि चांदी वगळली आहे. वजनाने दोन टक्के किंवा जास्त सोनं-चांदी असलेले मिश्रधातूही वगळले आहेत. त्यामुळे जुनी अंगठी विकायला सोनाराकडे गेलात तर हा कायदा लागत नाही. फोनच्या बोर्डावर सोनं असतं खरं, पण ते इतकं थोडं की दोन टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. शब्दशः वाचलं तर पूर्ण मेलेला फोन भंगारात बसतो. चालू फोन सेकंडहँड दुकानात विकणं ही वेगळी गोष्ट, तिथे तुम्ही वस्तू म्हणून विकता, धातू म्हणून नाही.

भोकं आहेतच

एखादा लबाड यार्डवाला मागच्या दाराने नोटा देत असेल तर कायदा आपोआप त्याला पकडत नाही, तपासणी करावी लागते. स्कॉटलंडमध्ये कॅशबंदी सप्टेंबर २०१६ मध्ये आली. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं इंग्लंडच्या उत्तर सीमेवरून गाडी पुढे नेली की कॅश मिळण्याची वाट उघडी होती. आणि अलीकडे गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरण्याचा प्रकार वाढला, कारण त्यात पॅलेडियम आणि ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात. बंदी असूनही ते थांबलं नाही.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. ज्याच्याकडे बँक खातं नाही, पक्का पत्ता नाही, असा माणूसच बहुतेक वेळा रस्त्यावरून डबे आणि तारा गोळा करतो. चोराला वळसा घालणारे रस्ते सापडतात. या माणसाला दारच बंद होतं. कायदा करताना याचा पुरेसा विचार झाला असं मला वाटत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाने २००८ च्या कायद्यात कॅश बंद केली नाही, तर उशीर आणला. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम असे लोखंडेतर धातू विकले की विकणाऱ्याचा फोटो, मालाचा फोटो, ओळखपत्राची प्रत आणि अंगठ्याचा ठसा घ्यायचा, आणि पैसे तिसऱ्या कामाच्या दिवशी द्यायचे. नियमित विक्रेत्यांना आणि शीतपेयांच्या डब्यांना काही सवलती आहेत. म्हणजे चोरीची तक्रार यायला तीन दिवस मिळतात, आणि आजच पैसे हवे असलेल्या चोराचा हिरमोड होतो. खातं नसलेल्या माणसासाठी ही पद्धत मला बरी वाटते. फ्रान्सने मात्र २०११ मध्ये ब्रिटनसारखीच थेट बंदी घातली.

आणि आपल्याकडे?

भारतात भंगारवाल्याने कॅश देऊ नये असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. पण वेगवेगळ्या कायद्यांचे धागे आहेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. रेल्वेचा माल असेल तर १९६६ चा खास कायदा आहे आणि तो कडक आहे. रेल्वेची चोरीची वाटावी अशी वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीरपणे आली हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून रुळाचा तुकडा, फिशप्लेट असलं काही कोणी "घे रे, ठेव" म्हणून दिलं तरी घेऊ नका.

बाकीचं काम कराचे नियम करतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) प्रमाणे धंदा करणाऱ्याने एका माणसाला एका दिवसात दहा हजार रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च हिशेबात धरला जात नाही, म्हणजे त्यावर कर भरावा लागतो. गुन्हा नाही, पण खिशाला चटका. कलम २६९एसटी मात्र घेणाऱ्याला पकडतं: एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतले तर तेवढाच दंड. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, म्हणून लोकांच्या तोंडी असलेले जुने नंबर दिले.)

१० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीतही बदल झाला. नोंदणी नसलेल्याने धातूचं भंगार नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला विकलं, तर जीएसटी घेणाऱ्या व्यापाऱ्याने भरायचा. आणि दोन्ही बाजू नोंदणीकृत असतील व सौदा अडीच लाखांच्या वर असेल तर घेणाऱ्याने दोन टक्के टीडीएस कापायचा. ब्रिटनला चोर पकडायचा होता, आपल्याला खोटी बिलं पकडायची आहेत. पण दोघांनीही खरेदी करणाऱ्यालाच हिशेबाला बसवलं.

हे सगळं मोठ्या व्यापाऱ्यांचं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर तुमच्या सोसायटीकडे बघा. जुनी लिफ्ट, पाण्याच्या लोखंडी टाक्या, जिन्याची ग्रिलं असं सगळं एकदम विकलं की रक्कम सहज लाखांत जाते. मिटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "कॅश घेऊया, भाव जास्त देतोय." दोन लाखांचा आकडा गाठला की दंड घेणाऱ्यावर, म्हणजे सोसायटीवर. तेव्हा वजनकाट्याची पावती घ्या, किलोचा भाव लिहून घ्या, पैसे सोसायटीच्याच खात्यात मागवा, सेक्रेटरीच्या जीपेवर नाही, आणि ट्रान्स्फरचा यूटीआर नंबर त्याच पावतीवर लिहून फोटो काढून ठेवा.